पोर्ट उघडूनही कॅमेरा दिसेना, अन् ओट्यावरची पोरं नेट सोडेनात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आखडून:

«घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, मागे घर. कंपनीचा फायबरचा डब्बा दुकानात लावलेला आहे. मागच्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणला. अडचणी तीन. संध्याकाळी ओट्यावर बसणारी पोरं आमचं नेट वापरतात. नव्या राउटरमध्ये जाऊन त्यांचे फोन ब्लॉक केले, तरी चालूच. दुसरं, चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) आहे, त्यातला एक कॅमेरा कापसाच्या खोलीवर. मुलगा नागपूरला शिकतो, त्याला तिथून पाहायचं आहे. कॅमेरेवाल्यानं पोर्ट फॉरवर्ड करा (म्हणजे यंत्राचं एक नंबरी दार बाहेरच्यांसाठी उघडा) म्हणून सांगितलं. व्हिडिओ पाहून नव्या राउटरमध्ये ८० आणि ३७७७७ टाकले. होईना म्हणून पुढच्या डब्यात डीएमझेड चालू करून दुकानाच्या संगणकाचा पत्ता टाकला. तपासलं की 'क्लोज्ड' येतं. नव्या राउटरच्या स्टेटसमध्ये वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १९२.१६८.१.५ दिसतो, पुढच्या डब्यात १००.७२ ने सुरू होणारा. तिसरं, धाकटी बारावीला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा तिच्या फोनचं नेट बंद राहावं असं टायमिंग लावलं, तर कधी ते भरदुपारीच बंद पडतं. सगळं रिसेट मारून पुन्हा सुरू करू का?»

ताई, रिसेट मारू नका. निदान पुढच्या डब्याला तरी टाचणी लावू नका. बाजारातून आणलेला राउटर रिसेट केला तर पाच मिनिटांत पुन्हा उभा करता येतो. कंपनीच्या डब्यात मात्र लॉगिनचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या वाटेचा) नंबर भरलेला असतो. बऱ्याच डब्यांमध्ये दहा सेकंद बटण दाबलं की ते सगळं पुसलं जातं आणि कनेक्शनवाला येईपर्यंत दुकान बंद. खेड्यात तो कधी येतो ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यामुळे आधी दोन्ही डब्यांच्या प्रत्येक पानाचे मोबाईलवर फोटो काढा. मेनूत बॅकअपची सोय असेल तर ती फाइल संगणकात ठेवा. मग हात लावा.

आणि पहिलं काम आत्ताच करा: पुढच्या डब्यातलं डीएमझेड बंद करा. डीएमझेड म्हणजे एक पोर्ट नव्हे, त्या यंत्राची सगळीच्या सगळी पोर्टं बाहेरच्यांसाठी मोकळी करणं. शिवाय तुम्ही पत्ता टाकलात तो डीव्हीआरचा नाही, दुकानाच्या संगणकाचा. ज्या संगणकात लोकांच्या आधारच्या, सातबाराच्या आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स प्रती पडलेल्या असतात, तोच. विंडोजचं फाइल शेअरिंग ४४५ नंबरच्या पोर्टवर चालतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेनं एका संगणकातून दुसऱ्यात शिरत जगभर पसरला होता. तुमच्या बाबतीत काही बिघडलं नाही ते एकाच कारणानं: तुमचं दार बाहेर उघडतच नाही. दुसऱ्या अडचणीचं मूळही तेच आहे.

तुम्ही दोन्ही वॅन पत्ते लिहून पाठवले हे फार बरं केलं. सगळं निदान त्या दोन आकड्यांत आहे.

नव्या राउटरचा वॅन आयपी १९२.१६८.१.५. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घरातल्या घरात चालतात. तसेच १० ने सुरू होणारे, आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे. म्हणजे नवा राउटर ज्याला 'बाहेर' समजतो ते बाहेर नाहीच, तुमचं दुकान आहे. तुम्ही पोर्ट उघडलंत ते मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत.

पुढच्या डब्याचा पत्ता १००.७२ चा. आता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांसाठी वेगळा काढून ठेवलेला आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण सव्वाचारशे कोटींच्या आसपास. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. मग कंपन्यांनी तोड काढली. शेकडो घरांना आतले १००.७२ सारखे पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना सगळ्यांना मिळून एकच खरा पत्ता. याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या वाड्यासारखंच ते. बिऱ्हाडं पन्नास, वेशीकडचा दरवाजा एक. तुम्ही आतून कोणाला हाक मारली तर उत्तर बरोबर तुमच्या खोलीत येतं, कारण दरवाज्यावरच्या माणसानं तुम्हाला हाक मारताना पाहिलं. पण बाहेरून कोणी अनोळखी येऊन '३७७७७ नंबर कुठे?' विचारलं तर तो हात हलवतो. तुम्ही तुमच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं काय नि काढून टाकलं काय, फरक शून्य. आणि वाड्याचा दरवाजा तुमच्या ताब्यात नाही.

कोणीही पोर्ट फॉरवर्डिंगचं नाव काढलं की म्हणूनच आधी हे एक मिनिटाचं काम करावं: राउटरच्या स्टेटसमधला वॅन आयपी पाहावा, मग त्याच वाय-फायवरून 'माझा आयपी कोणता' हे दाखवणारं कोणतंही पान उघडावं. दोन्ही आकडे सारखे, तर पुढे जायचं. वेगळे, तर व्हिडिओ बंद करून चहा घ्यायचा. तुमच्या कॅमेरेवाल्यानं हे न बघताच पोर्ट सांगितलं. बहुतेक सगळे तसंच करतात, कारण दहा वर्षांपूर्वी ते चालायचं.

मुलाला कॅमेरा दिसायला पोर्टची गरजही नाही. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक डीव्हीआरमध्ये पी२पी किंवा क्लाउड नावाची सोय असते. डीव्हीआर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला आतून हाक मारून ठेवतो, मुलाचं अ‍ॅप त्याच सर्व्हरवर येतं, दोघांची गाठ पडते. आतून हाक मारायला सीजीनॅटची ना नाही. डीव्हीआरच्या मेनूत नेटवर्क, त्यात पी२पी किंवा प्लॅटफॉर्म अ‍ॅक्सेस. चालू करा आणि खाली 'ऑनलाइन' लिहून येतं का बघा. मग तिथला क्यूआर कोड मुलाच्या फोनमधल्या त्याच कंपनीच्या अ‍ॅपनं स्कॅन करायचा. काही डीव्हीआर वर एक व्हेरिफिकेशन कोडही मागतात, तो तिथंच ठरवायचा असतो. क्यूआरचा फोटो मुलाला एकट्याला पाठवा, घरच्या ग्रुपवर नको.

ऑनलाइन येत नसेल तर दहात आठ वेळा दोष एकच असतो. बसवताना डीव्हीआरला हातानं पत्ता दिलेला असतो, पण गेटवे (बाहेर जायची वाट) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) यांच्या जागी कारखान्यातले आकडे तसेच राहतात. घरातल्या टीव्हीवर आणि वाय-फायवर कॅमेरे दिसतात म्हणून कोणाला शंका येत नाही. गेटवेच्या जागी पुढच्या डब्याचा पत्ता हवा, साधारण १९२.१६८.१.१, आणि डीएनएसला ८.८.८.८ किंवा १.१.१.१ चालेल. हे सगळे आकडे आम्ही इथे मराठीत छापले आहेत. यंत्रात भरताना इंग्रजी कीबोर्डचेच भरा. मराठी कीबोर्डवरचे आकडे राउटर घेत नाही, आणि चूक काय झाली तेही सांगत नाही.

मुलाला सांगा, अ‍ॅपमध्ये 'सबस्ट्रीम' म्हणजे कमी डेटाचं हलकं चित्र निवड. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं पूर्ण चित्र साधारण २ ते ४ एमबीपीएस खातं. चारही एकदम उघडले की तुमच्या दुकानातून अपलोड करायचे फॉर्म अडकतात, आणि दोष सरकारी साइटला लागतो.

खरंच पोर्ट उघडायचंच असेल तर आधी कंपनीकडे स्थिर, सार्वजनिक आयपी मागावा लागेल. 'स्टॅटिक पब्लिक आयपी' हेच शब्द वापरा. नुसतं स्टॅटिक म्हटलं तर आतलाच एक पत्ता कायमचा करून देतील. त्याचं वेगळं भाडं असतं. चार कॅमेऱ्यांसाठी आम्ही तो खर्च सुचवणार नाही; पण पुढे कधी घेतलाच तर काम असं होतं. डीव्हीआरचा घरातला पत्ता आधी पक्का करा: डब्याच्या डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) पानावर 'रिझर्व्हेशन' किंवा 'अ‍ॅड्रेस बाइंडिंग'मध्ये त्याचा मॅक नंबर (यंत्राचा ओळख नंबर) टाकून समजा १९२.१६८.१.६० बांधून द्या. हे न केल्यास लाइन (वीज) जाऊन आल्यावर डीव्हीआरला वेगळा पत्ता मिळतो आणि उघडलेलं पोर्ट तिसऱ्याच यंत्राकडे, कदाचित प्रिंटरकडे, बोट दाखवत राहतं. मग फॉरवर्डिंगच्या पानावर एकच नियम: आतला पत्ता १९२.१६८.१.६०, आतलं पोर्ट डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत 'टीसीपी पोर्ट' किंवा 'सर्व्हर पोर्ट' म्हणून लिहिलेलं (काहींत ३७७७७ असतं, काहींत ८०००), प्रोटोकॉल टीसीपी, आणि बाहेरचं पोर्ट वेगळं काहीतरी, समजा ४९३७७. अ‍ॅपमध्ये हाच बाहेरचा आकडा भरायचा. ८० उघडू नका. त्यावर डीव्हीआरचं वेब पान चालतं, त्यात पासवर्ड साध्या मजकुरात जातो आणि जुन्या डीव्हीआरच्या त्या पानात भोकं असतात. बाहेरचं पोर्ट बदलल्यानं चोर थांबत नाही, कारण ६५,५३५ पोर्टं तपासणारी यंत्रं रात्रंदिवस फिरत असतात. फक्त दारावरची वर्दळ कमी होते. खरा अडसर पासवर्डचा. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामनं कारखान्यातल्या ठरलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी घेऊन लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. २१ ऑक्टोबरला त्याच यंत्रांकरवी साइटचे पत्ते सांगणाऱ्या डायन या कंपनीवर मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना काही तास उघडेनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. तुमच्या डीव्हीआरला अजून 'अ‍ॅडमिन' आणि १२३४५६ असेल तर हा अंक खाली ठेवून आधी तो बदला.

तपासणी नेहमी वाय-फाय बंद करून, मोबाईल डेटावरून करायची. घरात बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता टाकला तर कित्येक राउटर ती फेरी मारून देत नाहीत. सगळं बरोबर असूनही बंद दिसतं, आणि माणूस चांगलं चाललेलं पुन्हा खोदतो. यूपीएनपी नावाची सोय मात्र बंदच ठेवा. तिच्यामुळे घरातलं कोणतंही यंत्र तुम्हाला न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेतं.

आता ओट्यावरची पोरं.

तुम्ही त्यांना मागच्या राउटरमध्ये ब्लॉक केलं, पण ओट्याला जवळ काय आहे? दुकानातला डब्बा. पोरं त्याच्या वाय-फायवर आहेत. मागच्या राउटरला ती दिसतही नाहीत, मग तो अडवणार कोणाला? त्याच्या यादीत जे अनोळखी फोन दिसले ते कोणाचे होते हेही एकदा घरात विचारा. भाच्याचा फोन ब्लॉक होऊन बसला असायचा.

दोन राउटर एकामागे एक असे दोन वेगळी घरं करून बसले आहेत, ते आधी एक करायचं. मागच्याच्या मेनूत 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडला की काम झालं. नसेल तर हातानं करायचं, आणि इथे क्रम चुकला की अर्धा दिवस जातो. पुढच्या डब्यात जाऊन डीएचसीपीची पट्टी १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० एवढीच करा, म्हणजे १०० च्या खालचे पत्ते आपल्या हाताशी मोकळे राहतील. मागच्या राउटरची वॅनमधली केबल काढा. ती तशीच ठेवून पत्ता बदलायला गेलात तर तो नकार देईल किंवा स्वतःच भलता आकडा घेईल, कारण वॅन आणि लॅन (घरातली बाजू) दोन्हीकडे एकच १९२.१६८.१ त्याला चालत नाही. लॅपटॉप त्याच्या लॅनला जोडा, लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा. तो बंद होऊन उठला की नव्या पत्त्यावर पुन्हा आत जा आणि मग डीएचसीपी सर्व्हर बंद करा. आता दुकानातून येणारी केबल वॅनमध्ये नाही, लॅनच्या चारपैकी एका छिद्रात. वॅन रिकामं राहील. रिकामं छिद्र पाहून कोणी प्रेमानं केबल परत तिथे खोचतं, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावा. डीव्हीआर मागच्या राउटरला जोडलेला असेल तर त्याचा जुना पत्ता आता निकामी होईल, त्याला वर सांगितल्याप्रमाणे नवा द्या.

एवढं झालं की सगळी यंत्रं पुढच्या डब्याच्या नजरेखाली येतात आणि नियम एकाच जागी लावता येतात. २.४ गीगाहर्ट्‌झचं चॅनल एकाला १, दुसऱ्याला ११ द्या, म्हणजे एकमेकांच्या पायात पाय येणार नाहीत.

मग पासवर्ड बदला. हा खरा ब्लॉक आहे. बाकी सगळं त्याच्या मागे. कमीत कमी ८ अक्षरं लागतात, तुम्ही १४-१५ घ्या. दुकानाचा मोबाईल नंबर ठेवू नका. तो पाटीवर लिहिलेला असतोच, आणि नसला तरी नुसते दहा आकडे फोडायला आजच्या संगणकाला वेळ लागत नाही. सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस, सगळी यंत्रं नवी असतील तर डब्ल्यूपीए३. जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३ ला जोडत नाही, तो गेला तर परत २ वर या. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद, त्याचा आठ आकडी पिन फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो हे २०११ मध्येच उघड झालं आहे. राउटरच्या आत जायचा अ‍ॅडमिन पासवर्डही वेगळा ठेवा. तो खालच्या लेबलवरचाच राहिला तर वाय-फायवर आलेला कोणीही पोरगा तुमचं ब्लॉक स्वतः काढून टाकतो, आणि गावात अशी हुशार पोरं कमी नसतात.

पण बदललेला पासवर्ड पुन्हा फुटू नये म्हणून काय करायचं? फुटतो तो क्यूआरवरून. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय 'शेअर' दाबलं की चौकोन येतो, दुसऱ्यानं स्कॅन केला की झालं. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला दिलात की संध्याकाळपर्यंत पानठेल्यापर्यंत पोचतो. म्हणून गिऱ्हाइकांसाठी, आणि द्यायचंच असेल तर पोरांसाठीही, डब्यातलं गेस्ट वाय-फाय चालू करा. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, 'आयसोलेशन' चालू, आणि वेगाची मर्यादा घालता येत असेल तर २ एमबीपीएस. गेस्टवरच्या फोनला तुमचा संगणक, प्रिंटर, डीव्हीआर दिसणार नाही. गिऱ्हाइकाला फोनवरून थेट प्रिंटही काढता येणार नाही, त्याची फाइल तुम्हालाच व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यावी लागेल. तशी तुम्ही आत्ताही घेतच असाल. गेस्टचा पासवर्ड महिन्यातून एकदा बदलला तरी तुमच्या यंत्रांना हात लागत नाही. कनेक्शन तुमच्या नावावर आहे हे मात्र विसरू नका. त्यावरून कोणी काही उपद्व्याप केला तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होईल.

यावरही मॅक फिल्टर लावायचा असेल तर उलट्या बाजूनं लावा. नको त्यांची यादी करायची नाही, हव्या त्यांची करायची. कारण असं: प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा मॅक नंबर असतो, ० ते ९ आणि ए ते एफ यांतला. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला स्वतःचा खरा नंबर देतच नाहीत, बनावट देतात. तुम्ही तो अडवला की पोरगा सेटिंगमध्ये जाऊन एक बटण फिरवतो आणि नव्या नंबरानं परत येतो. बनावट नंबर ओळखायची खूण आहे: डावीकडून दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा बनावट. तुमच्या ब्लॉक यादीत अशी किती आहेत मोजून बघा.

हव्या त्यांच्या यादीला 'अलाऊ' किंवा 'व्हाइटलिस्ट' म्हणतात. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये तुमच्या वाय-फायच्या नावावर टिचकी मारा, प्रायव्हसीत जाऊन 'डिव्हाइस मॅक' निवडा (आयफोनमध्ये 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस' बंद), मग तो नंबर यादीत घाला. संगणक, प्रिंटर, टीव्ही, सगळे. सगळ्यात आधी स्वतःचं यंत्र. यादी रिकामी असताना 'अलाऊ' चालू केलंत तर पहिला हाकलला जाणारा माणूस तुम्हीच. म्हणून हे काम वाय-फायवरून न करता केबल लावलेल्या संगणकावरून करा. वायरलेस फिल्टर केबलला अडवत नाही. एक पथ्य आणखी: 'वायरलेस मॅक फिल्टर' ज्या डब्यात लावला त्याच्याच वाय-फायपुरता चालतो. दोन डबे असले तर यादी दोन्हीकडे भरावी लागते. 'पॅरेंटल कंट्रोल' किंवा 'इंटरनेट अ‍ॅक्सेस कंट्रोल' असा वेगळा मेनू असेल तर तो पुढच्या डब्यात एकदाच लावून दोन्हीकडच्यांना लागू होतो, कारण बाहेरची वाट तिथूनच जाते.

धाकटीच्या वेळापत्रकाचं कोडं सोपं आहे. राउटरला घड्याळाचा सेल नसतो. लाइन गेली की तो वेळ विसरतो, आणि आल्यावर इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो. त्या सर्व्हरचं नाव भरलेलं नसेल किंवा तो पोचत नसेल, तर राउटर आपला मध्यरात्रीपासून मोजायला लागतो. कित्येकांत तारीख १ जानेवारी १९७० दिसते. तुमचा नियम रात्री दहा ते सकाळी सहा. दुपारी एकला लाइन आली, राउटरच्या हिशेबानं रात्रीचे बारा वाजले, तिचं नेट संध्याकाळी सातपर्यंत बंद. सिस्टीम टाइमच्या पानावर एनटीपी (वेळ विचारायची सोय) चालू करा, सर्व्हरमध्ये पूल.एनटीपी.ऑर्ग (इंग्रजी अक्षरांत) भरा आणि टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० निवडा. झोन चुकला तरी असंच होतं: जीएमटी शून्य ठेवला तर दहा ते सहाचा नियम आपल्याकडे पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा लागतो. नियम पुढच्या डब्यात लावा आणि तिच्या फोनचं 'डिव्हाइस मॅक' पक्कं करा. तिच्या सिममध्ये डेटा पॅक असेल, तर मात्र हे सगळं करून राउटर फक्त तुमचंच समाधान करेल.

लाइनचा विषय निघालाच आहे तर एक खर्च आम्ही नक्की करायला सांगू. राउटरचा छोटा यूपीएस. अ‍ॅडॅप्टरच्या पाठीवर वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअरचे दोन डबे असतील तर १२ व्होल्ट आणि किमान २ अँपिअर देणारा घ्या, अँपिअर थोडे जास्त असले तरी हरकत नाही. ९ व्होल्टचा डब्बा १२ वर लावायचा नाही. डीव्हीआर त्यावर टाकू नका, त्यात फिरती डिस्क असते आणि ती सुरू होताना जास्त ओढते; त्याला दुकानाच्या मोठ्या यूपीएसवर जागा द्या. घड्याळ, पत्ते, पी२पी, सगळ्यातली निम्मी कटकट लाइनच्या ये-जा मधून येते.

आणि मागचा राउटर टिनाच्या लगत खिळ्याला टांगला असेल तर मे महिन्यात खाली उतरवा. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे सावलीतच ४५ होतं, टिनाखाली काय होत असेल ते सांगायला नको. दुपारी नेट मंद आणि रात्री बरं, असं दिसलं तर सेटिंग शोधत बसू नका, हात लावून बघा. कापसाच्या खोलीकडे अंगणातून उघडी केबल गेली असेल तर आभाळ गडगडायला लागल्यावर ती डीव्हीआरमधून उपसून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, तांब्याच्या तारेतून येते, आणि अंगण ओलांडणारी एक तार डीव्हीआरसकट राउटरही घेऊन जाऊ शकते.

कामाला दुकान बंद असतानाची रविवारची सकाळ धरा. आधी जुने पोर्ट नियम काढणं, मग मागच्या राउटरचा पत्ता, मग पासवर्ड, शेवटी यादी आणि घड्याळ. पी२पी 'ऑनलाइन' आलं की मुलाला फोन करून कापसाची खोली दिसते का विचारा. नाहीच दिसली तर डीव्हीआरच्या नेटवर्क पानाचा फोटो पाठवा, त्यात गेटवेचा आकडा स्पष्ट यायला हवा. पासवर्ड आणि क्यूआर मात्र झाकून.